चार वाजले की माणूस दिसेना : शिवाजी पेठेतील एका किनेक्टचे प्रकरण

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील एका कुटुंबाने आपला एक्सबॉक्स ३६० हा टीव्हीला जोडायचा मायक्रोसॉफ्टचा खेळांचा कन्सोल आणि हातात काही न धरता नुसत्या अंगाच्या हालचालींनी खेळता यावे म्हणून समोरचा माणूस ओळखणारा, त्यासोबतचा किनेक्ट सेन्सर माझ्या शाहूपुरीतील दुरुस्तीच्या दुकानात आणून ठेवला. दोन्ही वस्तू त्यांनी सुट्टीच्या तोंडावर जुन्या घेतल्या होत्या. इचलकरंजी आणि गडहिंग्लजहून येणारी भाचरे दुपारच्या रखरखीत उन्हात बाहेर हुंदडू नयेत, एवढाच त्यामागचा हेतू होता. तक्रार वहिनींनी एका वाक्यात सांगितली, "भाऊ, सकाळी झकास चालतंय बघा, आन् चार वाजले की ह्याला माणूसच दिसंना." तक्रार इतकी नेमकी असूनही त्यातला चार वाजण्याचा भाग मी पहिल्या दिवशी कानाआड केला. त्या चुकीची हकीकत या प्रकरणाचाच भाग असल्याने ती येथे गाळलेली नाही.

माझे पहिले निदान विजेचे होते. किनेक्टला साध्या यूएसबी जोडणीतून मिळते त्यापेक्षा जास्त वीज लागते. २०१० मध्ये आलेल्या सडपातळ एक्सबॉक्स ३६० ला त्यासाठी वेगळे पोर्ट दिलेले आहे. त्याआधीच्या जाडजूड यंत्राला मात्र भिंतीतून वीज घेणारा स्वतंत्र ॲडॉप्टर लावावा लागतो. या कुटुंबाकडे जुने यंत्र होते आणि ॲडॉप्टरही जुनाच होता. सकाळी चालणारी आणि काही तास खेळल्यावर आंधळी होणारी वस्तू म्हणजे तापून दम तोडणारा ॲडॉप्टर, असे गणित मी डोक्यात मांडले, ॲडॉप्टर बदलला, दुकानात ट्यूबलाइटखाली सलग चार तास सेन्सर चालवून पाहिला आणि पैसे घेऊन यंत्र परत दिले. त्या चार तासांत संध्याकाळचे सहाही वाजून गेले होते आणि सेन्सरला माणूस स्पष्ट दिसत होता, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. माझा गाळा तळमजल्यावर, बोळाच्या तोंडाशी आहे आणि तिथे वर्षात कधीच ऊन पोचत नाही.

तिसऱ्या दिवशी फोन आला आणि मी साडेचारच्या सुमारास त्यांच्या घरी गेलो. घर जुने आहे. रस्त्याला लागून सोपा, म्हणजे पुढची बैठकीची खोली, त्यामागे माजघर. सोपा नऊ फूट रुंद आणि तेरा फूट लांब, दार पश्चिमेला, मधोमध तुळईला टांगलेला झोपाळा, एका बाजूला आरशाचे लोखंडी कपाट. टीव्ही माजघराच्या भिंतीला लावलेला असल्याने त्यापुढच्या टेबलावरचा सेन्सर थेट दाराकडे, म्हणजे पश्चिमेकडे पाहत होता. मी पोचलो तेव्हा दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघड्या होत्या, खिडकीही उघडी होती, शिवाय ट्यूबलाइट लावलेली होती. हा सगळा बंदोबस्त गडहिंग्लजच्या दाजींनी केला होता. त्यांनी कॉलेजच्या दिवसांत सोनीच्या प्लेस्टेशन २ या कन्सोलवर आयटॉय, म्हणजे कॅमेऱ्यापुढे हात हलवून खेळायचे खेळ, खेळलेले होते आणि त्या अनुभवावरून ते ठामपणे सांगत होते, "कॅमेऱ्याला उजेड नको होय? उजेड दिल्याबिगर त्यो बघणार कसा?" यंत्राला दिसत नाही म्हटल्यावर रोज चारनंतर घरातले सगळे मिळून त्याच्यासाठी आणखी उजेड करत होते.

दाजींचे म्हणणे त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यापुरते अगदी बरोबर होते. २००३ मध्ये आलेले आयटॉय हे सोनीच्या रिचर्ड मार्क्स यांच्या कल्पनेतून घडले आणि त्यातला कॅमेरा संगणकाला जोडतात तसला साधा रंगीत कॅमेरा होता. एका चौकटीची, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या एका चित्राची, आधीच्या चौकटीशी तुलना करायची आणि जिथले ठिपके बदलले तिथे हालचाल झाली असे मानायचे, हा त्याच्या बहुतेक खेळांचा पाया होता. समोर माणसाचा हात हलला की दाराचा पडदा, याच्याशी त्याला फारसे देणेघेणे नव्हते. अशा कॅमेऱ्याला उजेड लागतोच, कारण खोली अंधारी असली की चित्रात मुंग्या येतात आणि त्या मुंग्यांनाच तो हालचाल समजतो. पुढे २००७ मधल्या प्लेस्टेशन आयने चौकटींचा वेग वाढवला, २०१० मधल्या प्लेस्टेशन मूव्हने खेळाडूच्या हातात उजळणारा चेंडू लावलेली कांडी दिली आणि चित्रात तो चेंडू किती मोठा दिसतो यावरून हाताचे अंतर काढले. पण हे सगळे कॅमेरे माणसाच्या डोळ्याला दिसतो तोच उजेड पाहत होते.

किनेक्ट तो उजेड पाहत नाही. त्याच्या काळ्या पट्टीत तीन काचा दिसतात. त्यांपैकी एकीमागे रंगीत कॅमेरा आहे, परंतु खेळाडूचे शरीर ओळखण्याचे मुख्य काम उरलेल्या दोघींचे आहे. इस्रायलमधील प्राइमसेन्स या कंपनीच्या तंत्रावर आधारलेल्या या सेन्सरात एक लेसर ८३० नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश हजारो ठिपक्यांच्या ठरावीक नक्षीत खोलीभर शिंपडतो आणि त्यापासून साधारण साडेसात सेंटिमीटर अंतरावर बसवलेला अवरक्त कॅमेरा ती नक्षी पाहतो. वस्तू जवळ असली की तिच्यावर पडलेला ठिपका नक्षीतल्या आपल्या जागेवरून एका बाजूला सरकलेला दिसतो, लांब असली की दुसऱ्या बाजूला, आणि या सरकण्यावरून शाळेतल्या त्रिकोणाच्या हिशेबानेच प्रत्येक जागेचे अंतर निघते. सेकंदाला ३० वेळा असे अंतरांचे पूर्ण चित्र तयार होते. म्हणजे हा सेन्सर आपला दिवा आपणच घेऊन येतो. खोलीत मिट्ट काळोख असला तरी त्याचे अडत नाही आणि ट्यूबलाइटने त्याचे भलेही होत नाही, कारण ट्यूबलाइटमध्ये त्याला लागणारा अवरक्त प्रकाश नगण्य असतो.

उन्हात मात्र तो भरपूर असतो. कॅमेऱ्यापुढे फक्त हव्या त्या पट्ट्यातला प्रकाश आत सोडणारी गाळणी बसवलेली आहे, परंतु सूर्यप्रकाशातला नेमका तोच पट्टाही तिच्यातून आत येतो आणि लेसरचे ठिपके त्यात बुडून जातात. चुलीच्या जाळापुढे उदबत्तीचे टोक शोधावे, तशी त्या कॅमेऱ्याची गत होते. दाजींनी दार उघडून सेन्सरला मदत म्हणून जे दिले, त्यानेच त्याचे डोळे दिपले होते.

हे घरच्यांना नुसते सांगून पटणार नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप आणि दुकानातला सीसीटीव्ही कॅमेरा घेऊन गेलो. किनेक्ट अमेरिकेत ४ नोव्हेंबर २०१० रोजी विक्रीस आला आणि सहाच दिवसांत हेक्टर मार्टिन या स्पॅनिश तरुणाने तो साध्या संगणकावर चालवणारा खुला ड्रायव्हर, म्हणजे जोडणीचे सॉफ्टवेअर, प्रसिद्ध केला. त्यामुळे सेन्सरला दिसणारे अंतरांचे चित्र आज कुणालाही लॅपटॉपवर उघडता येते. सीसीटीव्हीचे स्वतःचे अवरक्त दिवे काळ्या चिकटपट्टीने झाकून तो अवरक्त प्रकाशही दाखवणाऱ्या रात्रीच्या पद्धतीवर लावला आणि दारे मिटून घेतली, तेव्हा भाचरांना सोप्याच्या भिंतीवर, झोपाळ्याच्या फळीवर आणि एकमेकांच्या सदऱ्यांवर पसरलेले बारीक ठिपके पहिल्यांदा दिसले. मग दार उघडले. उंबऱ्याजवळचे ठिपके क्षणात नाहीसे झाले.

लॅपटॉपवरचे चित्र त्याहून बोलके होते. जवळच्या वस्तू एका रंगात, लांबच्या दुसऱ्या रंगात आणि जिथले अंतर कळत नाही तिथे काळे, अशी त्याची रीत आहे. चारच्या सुमारास उंबऱ्यापाशी एक काळा पट्टा होता. ऊन जसे फरशीवरून आत सरकू लागले तसा तो पट्टा खोलीत शिरला. पाऊण तासात तो झोपाळ्याखाली पोचला, तेव्हा तिथे उभ्या असलेल्या धाकट्या भाच्याचे पाय गुडघ्यापर्यंत चित्रातून पुसले गेले होते. ऊन त्याच्या पाठीवर होते, पण पुढ्यातल्या उन्हाने भरलेल्या फरशीवरून परतलेला प्रकाशच त्याच्या पायांवरचे ठिपके बुडवायला पुरेसा ठरला. सव्वापाचला कलते किरण थेट सेन्सरच्या काचेवर आले आणि सगळे चित्र काळे झाले. वहिनी टीव्हीपाशी उभ्या राहून घड्याळ पाहत होत्या. त्यांनी सांगितलेली वेळ काही मिनिटांच्या फरकाने जुळली होती.

उपाय शोधताना मी दुसरी चूक केली. सेन्सर उन्हाकडे तोंड करून आहे, तेव्हा त्याची पाठ उन्हाकडे करू, असे म्हणून मी टीव्ही आणि टेबल दाराशेजारी हलवायला लावले. चौघांनी मिळून ते जड टेबल ओढले आणि परिणाम आधीपेक्षा वाईट झाला, कारण आता ऊन खेळणाऱ्यांच्या पाठीवर न पडता थेट छातीवर पडत होते, म्हणजे जिकडे सेन्सर पाहतो त्याच बाजूवर. थोरला भाचा लॅपटॉपवर डोके, दोन मनगटे आणि मध्ये एक मोठे भोक, एवढाच उरला.

मग टेबल आडवे लावून पाहिले, दक्षिणेच्या भिंतीला पाठ आणि उत्तरेकडे तोंड. ऊन बाजूने येऊ लागल्याने त्रास कमी झाला, पण जागेचा हिशेब आड आला. मायक्रोसॉफ्टची शिफारस एका खेळाडूसाठी सेन्सरपासून सुमारे सहा फूट आणि दोघांसाठी आठ फूट अंतराची आहे. सोप्याच्या नऊ फूट रुंदीतून टेबलाचे दीड फूट गेले की साडेसात उरतात आणि खेळणाऱ्याला मागे भिंतीचा धक्काही लागता कामा नये. शिवाय या सेन्सरची नजर आडवी ५७ अंश आणि उभी ४३ अंश एवढीच आहे. सहा फुटांवर, म्हणजे १.८ मीटरवर, ती सुमारे १.९५ मीटर रुंद आणि अवघी १.४ मीटर उंच भरते. मोठ्या माणसाचे डोके घ्यावे की पाय, एवढेच ठरवणे उरते आणि सेन्सरच्या बुडातली मोटर वरखाली मान हलवून तेवढेच ठरवते. दोन भाचरे शेजारी उभी राहून हात पसरतील इतकी जागा तिथे मिळणे शक्य नव्हते. टेबल पुन्हा मूळ ठिकाणी नेले. एव्हाना दाजींचा माझ्यावरचा विश्वास बराच उतरलेला होता आणि त्यांना दोष देता येणार नाही.

उरला उपाय ऊन अडवण्याचा. वहिनींनी दाराला जुनी गर्द निळी साडी बांधली. सोपा आपल्या डोळ्यांना चांगलाच अंधारला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, पण लॅपटॉपवरचा काळा पट्टा जेमतेम आक्रसला. या प्रकरणातली मला सर्वांत शिकवून गेलेली बाब हीच. कापडाचा गडद रंग आपल्याला दिसणारा प्रकाश शोषतो. अवरक्त प्रकाशाला मात्र कित्येक रंग जवळजवळ पारदर्शक असतात आणि पातळ कापडाच्या धाग्यांमधून तो पसरत आत येतो. डोळ्यांना झालेला अंधार हा सेन्सरचा अंधार नसतो. शेवटी आज्जींनी माळ्यावरचा जाड सुती जमखाना काढायला लावला. तो दोन खिळ्यांवर दुहेरी टाकताच काळा पट्टा विरला, भाच्याचे पाय परत आले आणि सायंकाळी साडेपाच वाजता प्रथमच त्या घरात दोघांनी मिळून बोलिंगचा डाव पुरा केला.

उन्हाचा प्रश्न सुटल्यावर त्याच्याआड दडलेले बाकीचे प्रश्न उघडे पडले. अंतरांचे चित्र मिळाले म्हणजे माणूस कळला असे होत नाही. त्या चित्रातला कुठला ठिपका खांद्याचा, कुठला कोपराचा, हे ओळखण्याची पद्धत मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज येथील संशोधकांनी बसवली आणि २०११ मध्ये जेमी शॉटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली. खऱ्या माणसांच्या टिपलेल्या हालचालींवरून संगणकात वेगवेगळ्या बांध्यांचे, उंचीचे, कपड्यांचे पुतळे हलवून त्यांची लाखो अंतरचित्रे तयार करायची आणि त्यांवरून शरीराचे ३१ भाग ओळखायला यंत्राला शिकवायचे, अशी ती रीत होती. प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे वाचली जाते, त्यामुळे एका क्षणी हुकलेला हात पुढच्या क्षणी आपोआप सापडतो. कौतुकाचीच गोष्ट आहे ही. पण जे भाग चित्रात वेगळे दिसतच नाहीत, ते वेगळे ओळखायचे कसे, हा प्रश्न या रीतीलाही सुटत नाही, आणि शिवाजी पेठेतल्या त्या सोप्यात तो तासाभरात चार वेळा आला.

पहिल्यांदा तो वहिनींच्या बाबतीत आला. गोल साडीत दोन पायांमधले अंतर सेन्सरला दिसत नाही. कमरेपासून घोट्यापर्यंत एकच सलग पृष्ठभाग असल्याने पडद्यावरच्या आकृतीचे गुडघे कधी आत, कधी बाहेर थरथरत राहिले आणि पदर डाव्या हातावरून सुटला की तो हातच कमरेला चिकटला. त्यानंतर आज्जी उभ्या राहिल्या. त्यांची नऊवारी कासोटा घालून नेसलेली, दोन्ही पाय स्वतंत्र. पंचाहत्तरीच्या आज्जींचे पाय सेन्सरने सुनेपेक्षा नीट ओळखले. आज्जींनी मग दिवसभर सुनेला हे ऐकवले.

दुसरा प्रसंग गंगावेशीतल्या तालमीत जाणाऱ्या थोरल्या भाच्याचा. मुष्टियुद्धाचा खेळ लावल्यावर तो सवयीने आधी शड्डू ठोकायचा आणि नेमक्या त्याच क्षणी पडद्यावरच्या आकृतीचा हात हवेत भलतीकडे जायचा. तळवा मांडीवर टेकला की अंतराच्या चित्रात तळवा आणि मांडी यांच्यात जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा फरक उरतो. त्यातच या सेन्सरची अचूकता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे दुप्पट लांब गेले की चूक चौपट. आठ फुटांवरून मांडीवरचा तळवा त्याला मांडीचाच भाग वाटला तर नवल नाही. धाकट्याने मग त्याला आव्हान दिले आणि दोघांनी सेन्सरसमोर खरीच कुस्ती धरली. अंगाला अंग भिडताच दोन आकृत्यांची एक झाली, ती सुटली तेव्हा थोरल्याची आकृती धाकट्याच्या अंगावर चढलेली होती आणि गुण कुणाचे यावरून जे भांडण झाले ते मिटवणे माझ्या कामात बसत नव्हते.

बाकीचे दोन प्रसंग किरकोळ. झोपाळ्याच्या फळीलगत उभ्या असलेल्या माणसाला फळी चिकटून एक विचित्र शेपूट येत असे, म्हणून खेळण्याआधी फळी कड्यांतून काढून भिंतीला उभी करायची ठरले, आणि आरशाच्या कपाटावर टॉवेल टाकला, कारण आरसा ठिपके परत न देता भलतीकडे फेकतो आणि तिथे नसलेली खोली उभी करतो. मांडी घालून बसून खेळण्याची आज्जींची इच्छा मात्र पुरवता आली नाही. बसलेल्या माणसाचे फक्त कमरेवरचे दहा सांधे ओळखण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये दिली खरी, पण ती संगणकावरच्या किनेक्टसाठी. या घरातल्या खेळांना तिचा उपयोग नव्हता.

घरातल्या दादांनी शेवटी विचारले की नवा सेन्सर घेतला तर एवढा खटाटोप वाचेल का. एक्सबॉक्स वनसोबत २०१३ मध्ये आलेल्या दुसऱ्या किनेक्टने ठिपक्यांची नक्षी सोडून दिली. प्रकाश जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेवरून तो अंतर काढतो, त्याची नजर आडवी ७० आणि उभी ६० अंश असल्याने लहान खोलीत तो अधिक सामावतो आणि उन्हाचा त्रासही त्याला कमी होतो. परंतु तो जुन्या यंत्राला लागत नाही, म्हणजे कन्सोलही नवा हवा. जून २०१४ पासून एक्सबॉक्स वन किनेक्टशिवाय विकले जाऊ लागले, तेव्हा त्यासाठी खेळ बनवणाऱ्यांचा उत्साह ओसरला, आणि २०१७ मध्ये उत्पादनच थांबले. ज्या वस्तूचे नवे खेळ निघत नाहीत तिच्यासाठी दुसरा कन्सोल घेणे मला शहाणपणाचे वाटले नाही आणि तसे मी स्पष्ट सांगितले.

बदललेला ॲडॉप्टर मी काढून घेतला, मूळ ॲडॉप्टर पुन्हा जोडला आणि घेतलेले पैसे परत केले. वहिनींनी त्यातले येण्याजाण्याचे म्हणून शंभर रुपये बळेच हातात ठेवले. दुकानाच्या वहीत बिघाडाच्या रकान्यात "ॲडॉप्टर" खोडून "ऊन" लिहिले. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच बोळातल्या दुसऱ्या कामाला गेलो होतो, तेव्हा पावसाची झड लागलेली होती. जमखाना घडी घालून माळ्यावर गेला होता, दार सताड उघडे होते आणि भरदुपारी चार वाजता सेन्सरचा हिरवा दिवा लागलेला होता. भाचरे आपापल्या गावी गेली होती. सोप्यात आज्जी एकट्याच, पदर खोचून, बोलिंगचा चेंडू टाकत होत्या.